शॅमेलिऑनची हाडे आणि जयपूरचे ऊन

सवाई जयसिंहाने इ. स. 1727 मध्ये जयपूर वसविले आणि राजवाड्याच्या लगत एक वेधशाळा उभारली. तेथील सम्राट यंत्र म्हणजे सुमारे 27 मीटर उंचीचे, दगडचुन्यात बांधलेले एक प्रचंड छायायंत्र. त्याची छाया पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पुढे सरकते. ज्या नगरात सूर्याच्या गतीचा हिशेब इतक्या बारकाईने ठेवला गेला, त्याच नगरात, उन्हाची कसलीही वाण नसताना, केवळ ऊन न मिळाल्यामुळे एखाद्या प्राण्याची हाडे मऊ पडावीत व वाकावीत, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. परंतु हौसेने पाळलेल्या शॅमेलिऑनच्या बाबतीत तसे घडू शकते. आणि तेही संपन्न, स्वच्छ व मायाळू घरात. काचेच्या सुबक पेटीत, वातानुकूलित खोलीत, खिडकीशेजारी ठेवलेला हा प्राणी दिवसभर उजेडात असतो. पण उजेड आणि ऊन या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि या विकाराचे बहुतेक सारे मर्म या भेदात आहे.

शॅमेलिऑन म्हणजे कुंपणावर मान खालीवर करीत बसणारा नेहमीचा सरडा नव्हे. मराठीत त्याला सरडगुहिरा हे जुने नाव आहे, कोकणात त्याला घोयरा म्हणतात. जयपूरकडे मात्र ‘गिरगिट’ हा एकच शब्द दोघांनाही लावतात आणि त्यामुळे बराच घोटाळा होतो. चिमट्यासारखी पकड घेणारे पाय, एकमेकांवर अवलंबून न राहता फिरणारे दोन डोळे, फांदीला वेढा घालणारी शेपटी आणि शरीराच्या लांबीहूनही पुढे फेकली जाणारी जीभ, ही त्याची ओळख. आपल्या देशातील शॅमेलिऑनला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिले आहे. त्याला पकडणे, विकणे वा घरात बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून पाळीव म्हणून जे आढळतात ते परदेशी असतात. येमेन व सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला, माथ्यावर उंच तुरा असलेला येमेनी शॅमेलिऑन किंवा मादागास्कर बेटावरचा रंगीबेरंगी पँथर शॅमेलिऑन, हे त्यांतील मुख्य. दोघेही उन्हाचे सोबती आहेत. सकाळी अंगाची एक बाजू सूर्याकडे करून ते सपाट होऊन बसतात, तेव्हा ती केवळ ऊब घेण्याची क्रिया नसते.

त्या वेळी त्यांच्या त्वचेत काय घडते हे समजले म्हणजे पुढचे सर्व सोपे होते. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे जे जंबुपार किरण असतात, ज्यांना हल्ली अतिनील म्हणण्याची रीत आहे, त्यांतील सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरींना ‘अतिनील-ब’ हे नाव आहे. हे किरण त्वचेतील एका मेदद्रव्यावर पडले की त्यापासून ड-3 जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. शरीराच्या उबेने ती पूर्ण जीवनसत्त्वात बदलते. मग यकृत व मूत्रपिंड आपापला संस्कार करून त्याला कार्यक्षम रूप देतात. आतड्यात आलेले कॅल्शियम रक्तात घेण्याचे काम या कार्यक्षम रूपाच्या हाती असते. त्याच्या अभावी अन्नात कॅल्शियम असले तरी ते बव्हंशी वाया जाते.

आणि कॅल्शियम केवळ हाडांसाठी लागते असे नाही. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचे ठोके, हे सर्व रक्तातील कॅल्शियमच्या ठरावीक पातळीवर चालते. ती पातळी ढासळली तर प्राणी काही काळातच मरेल. म्हणून शरीराने त्यावर एक पहारेकरी नेमला आहे : मानेजवळची परावटू ग्रंथी. बाहेरून आवक कमी झाली की ही ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात भरते. एखाद्या संस्थानाने खजिन्यातील शिल्लक कागदोपत्री कायम दाखविण्यासाठी गडाच्या तटाचे चिरे एकेक करून विकावेत, तसा हा प्रकार. खजिना भरलेला दिसतो आणि तट पोकळ होत जातो. यामुळेच आजाराच्या प्रारंभी रक्ताची तपासणी केली तर एकूण कॅल्शियम पुष्कळदा ठीक निघते, आणि मालकाची व कधी कधी वैद्याचीही फसगत होते. ज्या दिवशी रक्तातील पातळी खरोखर खाली येते, त्या दिवशी हाडांत देण्यासारखे फारसे उरलेले नसते.

पशुवैद्यकात याला चयापचयजन्य अस्थिविकार म्हणतात. नाव भारदस्त असले तरी रोग जुनाच आहे. मुलांमध्ये आपण ज्याला मुडदूस म्हणतो त्याचा हा सख्खा भाऊ. त्याचा शोध लागण्याची हकिकतही प्राणी व माणसे यांच्या मधून फिरत आलेली आहे. 1880 नंतरच्या दशकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदुसाने खंगत असत. त्यांना हाडाविना निव्वळ मांस मिळे. जॉन ब्लंड-सटन यांच्या सल्ल्याने चेचलेली हाडे, दूध व कॉड माशाच्या यकृताचे तेल सुरू केल्यावर छावे सुधारले. 1919 मध्ये बर्लिन येथे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे जंबुपार किरण दिले आणि ती बरी होतात असे दाखविले. एक हात उजेडात ठेवला असता दुसऱ्या हाताची हाडेही भरून येत, हे त्यांचे निरीक्षण मोठे मार्मिक होते. किरणांचा परिणाम रक्तावाटे सर्व देहात पोहोचतो हे त्यावरून उघड झाले.

याच सुमारास नाशिक शहरातही या रोगाचा अभ्यास झाला, हे महाराष्ट्रात फारसे कोणाच्या स्मरणात नाही. डॉक्टर हचिसन व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी 1921 व 1922 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते त्या काळच्या समजुतीस उलटे होते. मुडदूस हा दारिद्र्याचा व निकृष्ट अन्नाचा रोग, असे मानले जाई. नाशिकात मात्र तो सुखवस्तू, पडदा पाळणाऱ्या घराण्यांतील मुलांत व स्त्रियांत आढळला. तान्ही मुले काळोख्या माजघरात वाढत. उलट, कष्टकरी बाया आपली मुले उघड्यावर कामाच्या ठिकाणी घेऊन जात, आणि अन्न हलके असूनही ती मुले या रोगापासून बहुतांशी मुक्त होती. जयपुरातील काचपेटीत ठेवलेला शॅमेलिऑन म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माजघरातले मूलच होय. लाड कमी नाहीत, ऊन नाही.

येथे मालकाची तक्रार ठरलेली असते : पेटी खिडकीत आहे, समोरून ऊन येते, मग कमी काय? कमी इतकेच की खिडकीची साधी काच उजेड व उष्णता आत येऊ देते, पण अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडविते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तावांतील बहुतेकांची गोष्ट तीच. म्हणजे काचेमागे बसलेल्या प्राण्याला ऊन तापविते, पण पोसत नाही. हवामहाल 1799 मध्ये बांधला गेला तेव्हा त्याच्या शेकडो झरोक्यांना जाळी ठेवण्यामागे वारा व आडोसा हे हेतू होते. शॅमेलिऑनच्या घराचा विचार करताना मात्र जाळी व काच यांतील हा फरक अक्षरशः जीवनमरणाचा ठरतो. जाळीचा पिंजरा हवेशीर राहतो आणि किरणही आत येऊ देतो. फार दाट जाळी असली तर त्यांतील तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अडतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

दुसरा दोष अन्नाचा. शॅमेलिऑन किडे खातो. घरी त्याला रातकिडे, झुरळे, पिठातल्या अळ्या असे वाढविलेले कीटक घालतात. या कीटकांना हाडे नसतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात कॅल्शियम अत्यल्प आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पट असतो. सरपटणाऱ्या प्राण्याला याच्या उलट, एक भाग फॉस्फरसला दीड ते दोन भाग कॅल्शियम हवे. फॉस्फरसचा अतिरेक परावटू ग्रंथीस आणखी चेतवितो आणि हाडांची लूट वाढते. मग रानातला शॅमेलिऑन हेच किडे खाऊन कसा धडधाकट राहतो, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. रानात त्याला एका जातीचे नव्हे तर नाना जातींचे कीटक मिळतात. त्या कीटकांचे पोट ताज्या पाल्याने भरलेले असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जे थोडे कॅल्शियम येते त्याचा कणही वाया जाऊ न देणारे ऊन त्याच्या पाठीवर असते. घरात या तिन्ही गोष्टी एकदम हरपतात.

लक्षणे ओळखण्यात खरी अडचण आहे ती या प्राण्याच्या स्वभावाची. दुबळेपणा दिसला की शत्रूचे फावते, हे रानातले शहाणपण त्याच्या अंगी मुरलेले असल्यामुळे तो दुखणे शेवटपर्यंत लपवितो. तेव्हा पाहायचे ते दुखणे नव्हे, सवयीतील बदल. नेहमी वरच्या फांदीवर झोपणारा प्राणी खालच्या फांदीवर, मग पिंजऱ्याच्या तळाशी राहू लागला, तर ती पहिली सूचना समजावी. दुसरी सूचना पकडीची. त्याच्या पायाची बोटे दोन व तीन अशा जुडग्यांनी फांदीला आवळतात. निरोगी प्राणी हातावर घेतला तर ती आवळण्याची शक्ती चांगलीच जाणवते. ती सैल होऊ लागली, पाऊल फांदी चुकू लागले, चालताना पाय फांदीऐवजी स्वतःच्याच दुसऱ्या पायाला किंवा शेपटीला धरू लागले, म्हणजे स्नायूंना कॅल्शियम पुरत नाही असे समजावे.

तिसरी सूचना जिभेची, आणि ती बहुधा सर्वांत स्पष्ट असते. एका निमुळत्या अस्थिदंडावर चढविलेली, शक्तिमान स्नायूच्या आकुंचनाने बाणासारखी सुटणारी ती जीभ आखूड पडू लागते. भक्ष्य वीतभर अंतरावर असताना नेम चुकतो. मग प्राणी किड्याच्या अगदी जवळ जाऊन तोंडानेच धरू पाहतो. कधी जीभ बाहेर पडते ती पूर्ण आत जात नाही. ‘हल्ली तो आळशी झाला आहे, हातून भरवावे लागते’ असे मालक कौतुकाने सांगतो, आणि त्या कौतुकात पंधरा दिवस निघून जातात. हे पंधरा दिवसच खरे मोलाचे असतात.

यापुढची चिन्हे आंधळ्यालाही दिसतील अशी. पुढच्या पायाचे हाड धनुष्यासारखे वाकून एका पायाला जणू दोन कोपरे असल्याचा भास होतो. खालचा जबडा मऊ पडून बाहेर फाकतो किंवा आखूड राहतो, तोंड नीट मिटत नाही. माथ्यावरचा तुरा एका बाजूस कलतो. कण्याला पोक किंवा वळसा पडतो, बरगड्यांना मधेच घडी पडल्यासारखी दिसते. बोटे थरथरतात, पायांत बारीक आचके येतात. एखादा दिवस असा येतो की फांदीवरून नुसते उचलताना पाय मोडतो. आतड्याचे स्नायूही दुबळे होत असल्याने मलावरोध होतो, क्वचित गुदभाग बाहेर येतो. क्ष-किरण छायाचित्रात हाडांच्या भिंती कागदासारख्या पातळ दिसतात आणि ठिकठिकाणी जुने, न कळलेले अस्थिभंग आढळतात.

सर्वांत जास्त धोका कोणाला, हेही सांगावयास हवे. पहिला धोका पिल्लांना, कारण ती एका वर्षाच्या आत पूर्ण वाढतात आणि ती वाढ म्हणजे हाडांचीच वाढ. दुसरा मादीला. येमेनी मादी नराची गाठ न पडताही अंडी घालते, आणि एका खेपेस पन्नास-साठ अंडीही घालू शकते. त्या प्रत्येक कवचाचे कॅल्शियम तिच्याच शरीरातून जाते. आधीच रिकामी झालेली मादी अंडी बाहेर टाकण्याइतके आकुंचन करू शकत नाही; अंडी अडतात व ती दगावते. तिला मुबलक खायला घालणे हे लाड वाटतात, परंतु त्याने अंड्यांची संख्याच वाढते; माफक अन्न व अंडी घालण्यास ओलसर वाळूचे खोल भांडे हे तिचे खरे हित.

एक सावधगिरी मात्र हवी. सुजलेला सांधा पाहून लगेच या रोगाचे नाव घेणे बरोबर नाही. जयपूरच्या कोरड्या हवेत पाणी कमी पडलेल्या शॅमेलिऑनला संधिवाताचा एक प्रकार होतो, त्यात सांध्यांत युरिक आम्लाचे खडे साठतात. त्याचे उपचार अगदी वेगळे आहेत. मूत्रपिंड बिघडले असता हाडेही दुय्यम परिणामाने मऊ पडतात, आणि तेथे वरून नुसते कॅल्शियम ओतले तर अपायच होतो. हा प्राणी साचलेले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. तेव्हा वाटी भरून ठेवली म्हणजे पाण्याची सोय झाली असे मानू नये. पानांवर फवारा मारावा किंवा ठिबक धरावी. हा भेद ठरविण्यासाठी क्ष-किरण छायाचित्र आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व युरिक आम्ल यांची तपासणी लागते, म्हणजेच पशुवैद्य लागतो.

आणि नेमके येथेच घोडे अडते. जयपुरात पशुचिकित्सेची सोय नाही असे नाही. आग्रा रस्त्यावर जामडोली येथे पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. मकरसंक्रांतीला पतंगाच्या मांज्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी उपचार शिबिरे भरविणारे हे शहर आहे. अडचण आहे ती मालकाच्या मनातील भीतीची. जगातील बहुतेक शॅमेलिऑन जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या परिशिष्टांत आहेत. वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये झालेली सुधारणा 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आली आणि 2024 च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली. ज्याने बिनपावतीचा प्राणी बाजारातून उचलला आहे, तो आजारी प्राणी घेऊन चारचौघांत यावयास कचरतो आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून घरगुती उपाय करीत बसतो. कायद्याचा हेतू प्राण्याला वाचविण्याचा, आणि तो चुकविणाऱ्याच्या लपवाछपवीची शिक्षा मात्र प्राण्याला, असा हा विपर्यास आहे. घ्यावयाचाच असेल तर कागदपत्रे असलेला, कैदेत जन्मलेला प्राणी घ्यावा, त्याची नोंद करावी, आणि हे जमणार नसेल तर तो घेऊच नये, हे मत कोणास कठोर वाटले तरी त्याला इलाज नाही.

उपचाराचा क्रम साधारण असा असतो. आचके येत असतील तर ती तातडीची अवस्था. पशुवैद्य कॅल्शियमचे इंजेक्शन देतो व शरीरातील पाण्याची तूट भरून काढतो. हे काम घरी करण्याचे नव्हे. चुकीच्या मात्रेने हृदय थांबू शकते. आचके थांबल्यावर पोटात द्यावयाचे पातळ कॅल्शियम सुरू होते आणि ते काही आठवडे, पुष्कळदा काही महिने चालते. ड-3 जीवनसत्त्व वैद्याच्या हिशेबाने, जपून दिले जाते. जीवनसत्त्व आहे, जास्त दिले तर बिघडले काय, ही समजूत येथे घातक आहे. ड-3 चा अतिरेक झाला की कॅल्शियम हाडांऐवजी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत व मूत्रपिंडात साचते, आणि ते परत काढता येत नाही. माणसांच्या गोळ्या ठेचून चारण्याचा मोह म्हणूनच टाळावा. उन्हाने तयार होणाऱ्या जीवनसत्त्वाला ही भीती नाही. गरजेपुरते झाले की जास्तीचे त्वचेतच निकामी होते.

औषधाइतकेच महत्त्व शुश्रूषेला. फांद्या खाली आणाव्यात, म्हणजे पडला तरी हाड मोडणार नाही. तळाशी मऊ फडके घालावे. त्याला ओढून उचलू नये. हात समोर धरून आपण होऊन चढू द्यावे, कारण फांदी घट्ट धरलेला पाय ओढल्यानेच बहुतेक अस्थिभंग होतात. जबडा मऊ असेल तर तोंड बळेच उघडू नये; पातळ अन्न ओठाच्या कडेशी थेंबाथेंबाने द्यावे. बसण्याच्या जागी पुरेशी ऊब हवी, येमेनी जातीला सुमारे तीस अंशांची, कारण थंड शरीरात पचन होत नाही आणि जीवनसत्त्वाचे रूपांतरही मंदावते. थरथर काही दिवसांत थांबते. हाडे घट्ट व्हायला महिने लागतात. वाकलेले हाड मात्र वाकलेल्या स्थितीतच घट्ट होते. फाकलेला जबडा पूर्ववत होत नाही, आणि काहींची जीभ पुन्हा कधी नेम धरीत नाही. अशा प्राण्याला जन्मभर वाटीतून भरवावे लागते. तसा तो बरीच वर्षे जगूही शकतो.

आता उन्हाचा हिशेब. ‘कोवळ्या उन्हात बसावे, हाडांना बरे’ असे आपल्याकडे म्हणतात, परंतु सूर्य क्षितिजाजवळ असता त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून येतात आणि अतिनील-ब वाटेतच गळून जाते. एक सोपी कसोटी अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच त्या उन्हात हे किरण भरपूर असतात. जयपूर सुमारे 27 अक्षांशावर आहे. 21 जूनच्या मध्यान्ही तेथे सहा फूट काठीची सावली वीतभरही पडत नाही. 22 डिसेंबरला मात्र भर दुपारी ती सात फुटांवर जाते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत जयपुरात दिवसातील कोणत्याही घटकेस सावली उंचीहून आखूड होत नाही. म्हणजे थंडीतले ते सुखद ऊन, ज्यात सारे जयपूर गच्चीवर शेंगा सोलीत बसते, हाडांच्या हिशेबी बेताचेच. उलट मे महिन्यात किरण भरपूर, पण चाळीसच्या वर चढलेल्या पाऱ्यात प्राणी भाजून मरेल. त्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटे, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून, फवारा मारून, एवढेच शक्य असते. फेब्रुवारी-मार्च, पावसाळ्यातील उघडीप आणि ऑक्टोबर हे त्याचे खरे सुगीचे दिवस. पिंजरा जाळीचा असावा, काचपेटी उन्हात कधीही ठेवू नये, आणि माकडे, घारी व मांजरे यांच्यापासून राखण असावी.

सावली हवीच, कारण किती ऊन घ्यावे हे प्राण्याला समजते. टेक्सासमधील गॅरी फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये पँथर शॅमेलिऑनवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांच्या अन्नात ड-3 कमी होते ते प्राणी जंबुपार किरणांत जास्त वेळ बसत. ज्यांना अन्नातून भरपूर मिळे ते आपण होऊन बाजूस सरत. कोणत्या इंद्रियाने त्यांना हे कळते ते ठरविणे शास्त्रज्ञांचे काम. मालकाने त्यांना ऊन व सावली यांतून निवड करण्याची मोकळीक द्यावी, एवढे पुरे.

हिवाळ्यात व एरव्हीही घरात अतिनील-ब देणारी नळी लावावी लागते. प्रकाश देणारा साधा दिवा किंवा उष्णता देणारा दिवा तिच्या जागी चालत नाही. नळी आणि प्राणी यांच्यामध्ये काच वा प्लॅस्टिक नसावे. बसण्याच्या फांदीवर अतिनील निर्देशांक तीनच्या आसपास भरावा. तो मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. दिवसाचे सुमारे बारा तास नळी चालू ठेवून रात्री पूर्ण काळोख करावा. किड्यांना खाऊ घालण्यापूर्वी एकदोन दिवस मोहरीच्या पाल्यासारखा कॅल्शियमयुक्त हिरवा चारा व त्यांच्या पिठात कॅल्शियमची पूड द्यावी. पालक टाळावा, त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवते. फॉस्फरसविरहित कॅल्शियमची पूड किड्यांच्या अंगाला लावून लगेच घालावे, कारण रातकिडा काही तासांत स्वतःचे अंग झाडूनपुसून स्वच्छ करतो. ड-3 मिसळलेली पूड महिन्यातून एकदोनदाच.

राहिली एक बारीकशी बाब, जिच्यामुळे सर्व सोय असूनही घात होतो. ही नळी वर्षानुवर्षे उजळ दिसत राहते, पण तिच्यातील अतिनील-ब सहा महिन्यांपासून वर्षभरात बरेच ओसरते, आणि ते डोळ्यांना कळण्याचा मार्ग नाही. म्हणून नळी बसविल्याची तारीख तिच्याच टोकाशी शाईने लिहून ठेवावी, आणि मुदत संपली की ती जळत असतानाच बदलावी.